मासे येण्याआधीचं पाणी

रायपूरहून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी मात्र तो इथंच, बूढापारा मोहल्ल्यात, माझ्या दुकानाच्या मागच्या मोरीजवळ, निळ्या ड्रममध्ये बनवते. आरओचं पाणी, पुड्यातलं खास मीठ आणि ढवळायला एक जुना पंप. खरा समुद्र मी एकदाच पाहिला, पुरीला. सगळे देवळाकडे गेले आणि मी आधी वाळूत बसून पाण्याचं बोट चाटून पाहिलं. म्हटलं, बरोबर जमतंय आपलं.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, मंदाकाकू, बोलता तसंच लिहा. म्हणून हे असं आहे. मी कुठं शिकले नाही. एकदा हौसेनं काचेची टाकी घेतली, त्यातले मासे मेले, काहून मेले म्हणून ज्याला त्याला विचारत सुटले, आणि विचारता विचारताच दुकानदार झाले. गोड्या पाण्याचे मासे विकणारे गावात पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्याच्या नादी लागणारे थोडे, आणि त्यातले बहुतेक कधी ना कधी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून गेलेले आहेत.

माझ्या धंद्यातली सगळ्यात कठीण विक्री कोणती, सांगू? मासा विकणं कठीण नाही. तो पट्ट्यापट्ट्यांचा नारंगी क्लाऊन मासा नुसता शेपटी हलवतो आणि विकला जातो. कठीण आहे ते मासा न विकणं. माणूस नवी कोरी टाकी घेतो, दगड मांडतो, पाणी भरतो, दिवा लावतो आणि मग विचारतो, "आंटी, मछली कब?" मी म्हणते, "महिन्या-सव्वा महिन्यानं." तो हसतो. त्याला वाटतं मी मस्करी करून राहिली.

म्हणून मी घरच्या भाषेत सांगते. नवं खारं पाणी म्हणजे नुसतं दूध. दुधाचं दही व्हायला विरजण लागतं, ऊब लागते, आणि मुख्य म्हणजे भांडं हलवायचं नसतं. टाकीतही तसंच आहे. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीतून अमोनिया सुटतो. डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले त्यानं भाजून निघतात. दगडांच्या बारीक छिद्रांत, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वस्ती करतात. ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात, ते त्याचं नायट्रेट करतात. तेवढं मात्र मासा सोसतो, आणि आपण अधूनमधून थोडं पाणी बदलून ते काढून टाकतो. ही दोन्ही बिऱ्हाडं आधी नीट बसली पाहिजेत, मग मासा. आणि त्यांना बसवायचं तर खायलाही घालायला लागतं. म्हणून रिकाम्या टाकीत मी एखादी कच्ची कोळंबी टाकून सडू देते.

यावरून एकदा सदर बाजारातल्या एका सोनारांच्या घरी मोठंच प्रकरण झालं. त्यांच्या म्हाताऱ्या आई सोफ्यावर बसून होत्या. मी पिशवीतून कोळंबी काढली.

"ये क्या है?"

"झींगा, माताजी."

"हमारे घर में लहसुन नहीं आता बेटी, झींगा आएगा?"

"खाने के लिए नहीं, माताजी. सड़ने के लिए है."

"सड़ने के लिए तो और नहीं आएगा!"

कोळंबी परत पिशवीत गेली. मी माशांच्या दाण्याची चिमूट रिकाम्या पाण्यात टाकली, तिचाही अमोनिया होतोच. माताजींनी विचारलं, इसमें क्या है? मी म्हटलं, दाना है. त्या दाण्यात काय असतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. पण खरं सांगते, वाट पाहण्यात त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मला मिळालं नाही. सगळा चातुर्मास एक वेळ जेवणाऱ्या बाईला महिन्या-सव्वा महिन्याचं काय! मुलगा घाई करायला लागला की त्याच त्याला गप्प बसवत.

आणि दुसरे ते एक मास्तर. त्यांनी मीठ माझ्याकडून घेतलंच नाही, स्वतःच्या डोक्यानं सैंधव टाकलं. पाण्याचं वजन मोजायची काचेची नळी बरोबर जागी तरंगली, म्हणून ते खूश. मी गेले, चव पाहिली, विचारलं. म्हणाले, "बाई, हे उपासाले चालते. याहून शुद्ध मीठ कोणतं? मग माशाले काहून नाही चालणार?" मी म्हटलं, "भाऊ, मासे उपास करत नाहीत." समुद्राच्या पाण्यात नुसता खारटपणा नसतो, चुना असतो, मॅग्नेशियम असतं, काय काय असतं. सगळं पाणी मोरीत गेलं. पण टाकी रिकामी होती म्हणून नुसतं मीठच वाया गेलं. रिकाम्या टाकीत चुका करून घ्याव्यात, त्यात कोणाचा जीव जात नाही.

हे सगळं मी लोकांना इतकी वर्षं सांगत आले, आणि मागच्या दिवाळीत माझ्याच मैत्रिणीच्या घरी ते पणाला लागलं.

गावंडे वहिनी आमच्याच गल्लीतल्या. भाऊजी रेल्वेत होते. बूढापाऱ्यातल्या भाड्याच्या घरात त्यांचा जन्म गेला. त्यांच्याकडं माझीच बसवून दिलेली खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्यात क्लाऊनची एक जोडी. त्यातली मादी तर इतकी जुनी की तिची नारंगी कडा पिकल्या पपईसारखी गडद झालेली. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी ती मादी खडकाच्या कोणत्या बाजूला आहे ते त्या स्वयंपाकघरातून सांगत.

मुलानं, नितीननं, शंकर नगरात फ्लॅट घेतला. दिवाळी पाडव्याला वास्तुशांत ठरली. वहिनींना जायचं नव्हतं. त्या तसं म्हणत नसत, म्हणत की गुडघे दुखतात, लिफ्टची भीती वाटते, तिथं कोणी ओळखीचं नाही. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "मासे जिथं, मी तिथं. मासे जगले त राहीन. नाही त मी आपली परत इथं. हे घर सोडू नका तुम्ही."

नितीननं आईसाठी मोठी नवी टाकी घेतली. बेत सोपा होता. जुन्या टाकीतले दगड आणि फिल्टरचा स्पंज ओलेच्या ओले, त्यांच्याच पाण्यात बुडवून नव्या टाकीत न्यायचे. म्हणजे वर्षानुवर्षांचं घट्ट विरजण आयतं मिळतं, आणि मासे त्याच दिवशी सोडता येतात. घर बदलणाऱ्यांसाठी मी असंच करते. कधी बिघडलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ड्रम घेऊन त्यांच्या जुन्या घरी गेले. दार नितीनच्या बायकोनं, स्नेहलनं, उघडलं. इथल्या पोरांसारखी तीही मराठी समजते, बोलते हिंदी. तिचा चेहरा नुसता फुललेला.

"काकू, आइए न! आपका आधा काम तो मैंने कर दिया."

टाकी कोरडी ठणठणीत. मासे बादलीत, जुन्या पाण्यात, हवेची नळी लावून नीट ठेवलेले. तेवढं मी सांगितलं होतं, ते पोट्टीनं अगदी बरोबर केलं होतं. मी विचारलं, दगड?

ती मला गच्चीवर घेऊन गेली. जुन्या साडीवर, उन्हात, कुरडया वाळत घालतात तसे सगळे दगड ओळीनं मांडलेले. पांढरे शुभ्र.

"देखिए, कैसे चमक रहे हैं! कितना काला-भूरा जमा था उन पे. नए घर में पुराना मैल थोड़ी ले जाएंगे, काकू?"

आता तिला काय बोलावं? आपल्याकडं नव्या घरात जुना झाडूसुद्धा नेत नाहीत. तिनं तेच केलं. मी एक दगड उचलला.

"सर्फ लावला काय गं?"

"थोड़ा-सा. फिर गरम पानी से."

"आणि स्पंज?"

"वो तो फेंक दिया. एकदम सड़ा था. नया लाई हूं न."

मी गच्चीच्या कठड्यावर बसले. तिला हळूच समजावलं, की तो काळा-तपकिरी थर म्हणजेच सगळी वस्ती होती. आता हे दगड वापरताच येणार नाहीत, साबण छिद्रात गेला की निघत नाही. नवी टाकी आता शून्यापासून तयार करावी लागेल. तिचा चेहरा उतरत गेला.

"और मछली?"

"मछली माझ्या दुकानात. टाकी तयार होईपर्यंत."

"फिर मम्मी नहीं आएंगी, काकू." तिनं ओढणी तोंडाशी धरली. "और आएंगी भी तो जिंदगी भर याद रखेंगी."

खाली आलो तर वहिनी पाटा-वरवंटा चादरीत बांधत होत्या. आमच्या मागोमाग नितीन दगडांची टोपली घेऊन उतरला. वहिनींनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हे काय? हे कोणाचं काम?"

नितीन म्हणाला, "मम्मी, वो मैंने..."

"तू? तुले चहाचा कप विसळता येत नाही."

स्नेहल पुढं झाली. "मैंने धोए, मम्मी."

वहिनींनी एक दगड हातात घेतला, फिरवला, वास घेतला. मग विचारलं, "गच्चीवर चढवले कोणं?"

"मैंने ही."

"गरम पाण्याच्या बादल्या?"

"हां."

वहिनी पेटीवर बसल्या. दगड मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, माझ्यानं हे असे पांढरे नाही झाले कधी."

हसावं की नाही ते कोणाला कळेना. भाऊजी म्हणाले, "बरं, झालं ते झालं. मासे टाका उद्या. लोकं नागपूर-अकोल्याहून येऊन राहिले. त्यांना काय रिकामं पाणी दाखवू?"

नितीनही म्हणाला, "आंटी, एक दिन की तो बात है. पूजा हो जाए, फिर ले जाना वापस."

मी म्हटलं, "मी टाकणार नाही. कोऱ्या पाण्यात या वयाच्या माशाला एक दिवसही खूप झाला. तुम्ही टाकले तर मी काही हात धरणार नाही, पण मी टाकणार नाही."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "मंदे, तुझे असते त?"

"नसते टाकले."

"मग ने त्यांना." त्या उठल्या. "येते मी उद्या. पण बोलली ते बोलली. मासे जगले त राहीन."

बादली माझ्या रिक्षात स्नेहलनंच ठेवली, आणि रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

त्याच दुपारी मी शंकर नगरात जाऊन दुकानातले कोरे दगड नव्या टाकीत मांडले, आणि माझ्या सगळ्यात जुन्या टाकीतले दोन-चार जुने दगड अधेमधे बसवले. तेच विरजण. वहिनींच्या घरी कोळंबीची अडचण नव्हती, ती भाऊजींनी स्वतः आणून दिली.

पाडव्याला मी टाकीपाशीच उभी राहिले, राखणदारासारखी. गुरुजींना पाण्यात अक्षता टाकायच्या होत्या. त्यांना काचेवर बाहेरून हळदीकुंकवाचं बोट लावायला सांगितलं. पाहुणे टाकीपुढं यायचे, बुडबुडे पाहायचे आणि विचारायचे, यात आहे काय? अकोल्याच्या आत्याबाईंनी तर मोठ्यानंच विचारलं, "वहिनी, मासे कुठं गेले तुमचे?"

स्नेहल पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती, ती तशीच थांबली.

"माहेरी गेले," वहिनी म्हणाल्या. "दिवाळी आहे न."

"बाप्पा! सासरी छळ झाला काय?"

"छळ नाही. आंघोळ जास्त घातली."

सगळे खो-खो हसले. स्नेहल मान खाली घालून हसली की रडली, मला बाजूनं दिसलं नाही. ती घाईनं आत गेली.

पुढचे आठवडे माझे काळजीत गेले. इतरांना वाटे टाकीची काळजी. टाकीची मला नव्हती. मला काळजी त्या मादीची. दुकानात तिनं तोंड फिरवलं. दाणा नाकाशी जायचा आणि ती कोपऱ्यात, नर तिच्या भोवती घुटमळतोय. म्हाताऱ्या माशाला जागा बदललेली सोसत नाही. वहिनी पहिल्या आठवड्यात रोज शंकर नगरहून यायच्या आणि स्टुलावर बसायच्या. "खाल्लं काय गं?" मी नाही म्हणायची. परत जाताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. एक दिवस मी कोळंबीची चटणीसारखी बारीक पेस्ट केली, काडीच्या टोकाला लावून धरली. ती पुढं आली, थांबली, आणि ओढून घेतलं तिनं. वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "हव, बरं झालं," आणि फोन ठेवून दिला. नंतर स्नेहलनं सांगितलं, त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

इकडं टाकीत काय चाललंय ते तपासायला मी स्नेहलला शिकवलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. वहिनींना रंग नीट दिसत नसत, पण विश्वास ठेवायलाही त्या तयार नव्हत्या. मी एकदा तिथं होते तेव्हाचं ऐका.

"मम्मी, हरा आया."

"कोणता हिरवा? पालक का मेथी?"

"पालक नहीं. थोड़ा हल्का. कच्चे आम जैसा."

"सालीसारखा का आतल्या फोडीसारखा?"

स्नेहलनं नळी उजेडाला धरली, विचार केला. "छिलके जैसा."

"मग अमोनिया चढला. बरोबर न, मंदे?" मी म्हटलं बरोबर. आणि चढला हे चांगलं आहे. चढल्याशिवाय उतरायचा कसा?

पुढं काचेवर, दगडावर, वाळूवर तपकिरी थर चढला. नव्या टाकीला तो चढतोच. घर कितीही स्वच्छ ठेवा, तो कोणाला विचारत नाही. स्नेहलचा घाबरून फोन. "काकू, सब भूरा हो गया. जैसा वो पत्थर पे था. हाथ लगाऊं?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "हात लावून त पाहा!"

"नहीं लगा रही, मम्मी! पूछ रही हूं सिर्फ."

"विचारू बी नको. पसारा असू दे थोडा. घरात राहून राहिले न कोणी."

हळूहळू माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. वहिनींचं दुकानात येणं कमी होत होतं. आधी रोज, मग दिवसाआड, मग नुसता फोन. मग फोनही स्नेहलचाच. मला जरा लागलंच. म्हटलं, मादी आता काडीवरून खायला लागली, नराला ढकलून स्वतः आधी खाते, आणि हिला पाहायला सवड नाही? मग वाटलं, बाई मनातून खचली की काय. मासे परत येतील यावरचा तिचा भरवसाच उडाला असेल. नितीनला विचारलं तर तो म्हणाला, "ठीक हैं आंटी, दिखती ही नहीं घर में." म्हणजे काय ते मला कळलं नाही.

अमोनिया शून्यावर आला. नायट्राइट चढलं आणि तेही उतरलं. मी शेवटची परीक्षा घेतली. थोडा अमोनिया मुद्दाम टाकला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाण्यात त्याचा मागमूस नाही. वस्ती पक्की झाली होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी मी दोघांना पिशव्यांत घेतलं, डब्यात ठेवलं, डबा मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे चुकवत चल रे भैया.

फ्लॅटचं दार स्नेहलनं उघडलं. भाऊजी पेपर वाचत होते. वहिनी दिसल्या नाहीत.

"मम्मी नीचे गई हैं. दूसरी मंजिल पे. महालक्ष्मी का है न आज, हल्दी-कुंकू."

मी म्हटलं, आज मासे येणार, त्यांना ठाऊक नाही काय? ठाऊक आहे, म्हणाली. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, थोडं थोडं पाणी आत घालून माशांना सवय करून देत होतो, तरी वहिनींचा पत्ता नाही. शेवटी मी फोन लावला. पलीकडं बायकांचा गलका, वाट्यांचे आवाज.

"वहिनी, अहो या न! मासे आले तुमचे."

"आले काय? बरं. स्नेहल आहे न तिथं?"

"आहे. पण तुम्ही..."

"मग टाका न. तिले सारं येते. मी इथं बसली आहो, आरती व्हायची आहे. आल्यावर पाहीन." मग कोणाला तरी म्हणाल्या, "नाही वो, मी नाही जात, आमची सून आहे न घरी." आणि परत मला, "अन् ऐक मंदे. आमच्या ह्यांना सांग, बूढापाऱ्यातल्या घरमालकाले फोन करा म्हणा. ते घर आता दुसऱ्या कोणाले देऊ द्या त्यांना. उगीच बंद पडून राहिलं."

फोन ठेवला. स्नेहल माझ्याकडं पाहत होती.

"क्या बोलीं?"

"म्हणाल्या, तू टाक." मग भाऊजींना घरमालकाचा निरोप सांगितला.

तिनं हात ओढणीला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि जाळी उचलली. जाळीनं आधी मादीला अलगद सोडलं, मग नराला. मादी क्षणभर काचेपाशी थांबली, मग दगडांच्या फटीकडं सरळ निघाली, आणि नर तिच्या मागं. स्नेहलनं मोबाइल उचलला, फोटो काढायला. मग खाली ठेवला आणि टाकीचा दिवा मालवला. पहिल्या दिवशी उजेड नको, हे मीच शिकवलं होतं.

मागं भाऊजी चष्मा शोधत होते, घरमालकाचा नंबर लावायला.